पावती फाडण्याआधी: तालुक्याच्या गावी संगणक केंद्र चालवणाऱ्या मित्रांना खुले पत्र

मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल लागले, पदवीच्या परीक्षा उरकल्या आणि आपल्या सगळ्यांच्या केंद्रांबाहेर नवे फ्लेक्स चढले. 'एमएस-सीआयटी – सरकारी नोकरीसाठी अनिवार्य. प्रवेश सुरू. मर्यादित जागा.' (एमएस-सीआयटी म्हणजे संगणक वापरायला शिकवणारा आपला कोर्स आणि त्याचं प्रमाणपत्र.) दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याही दारावर हाच मजकूर होता. मी तो उतरवला. का उतरवला ते सांगायला हे पत्र लिहितोय. तुम्हा प्रत्येकाला वेगळं गाठून बोलता आलं असतं, पण ज्या घरांतून आपल्याकडे फी येते त्या घरांनीही हे वाचावं असं वाटतं.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. २००६ साली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दुसऱ्याच्या केंद्रात शिकवायला लागलो आणि पुढे स्वतःचं केंद्र टाकलं. परीक्षेच्या दिवशी लाईट गेली म्हणून तुमच्याकडून जनरेटर आणलाय, तुमची मशिनं बंद पडली तेव्हा माझी उचलून दिलीत. म्हणून बाहेरच्या माणसासारखं बोलत नाही.

सुरुवातीच्या बॅचेस आठवा. अर्धा वर्ग जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा असायचा. ३१ डिसेंबर २००७ ची मुदत डोक्यावर होती. तोवर संगणकाची परीक्षा पास झालो नाही तर वेतनवाढीवर गदा, ही धास्ती. शाळा सुटली की पन्नाशीतले गुरुजी धुळीनं भरलेल्या मोटारसायकलीवर यायचे आणि माउस असा धरायचे की जणू तो निसटून पळणार आहे. एका गुरुजींनी पहिल्या दिवशी तो उचलून हवेतच फिरवला होता, आणि पडद्यावरचा बाण हलेना म्हणून त्यांना घाम फुटला होता. महिन्याभरानं त्याच गुरुजींनी वर्गातल्या मुलांच्या हजेरीचा तक्ता करून आणून दाखवला. त्या पिढीला एमएस-सीआयटीनं फार दिलं. २००१ मध्ये हा कोर्स चालवणारं एमकेसीएल उभं राहिलं आणि त्यानंतर काही वर्षांतच ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा जाते तिथपर्यंत संगणकाचं नाव पोचलं, हे मी कधीच नाकारणार नाही. माझं घर त्यावर उभं आहे.

पण गुरुजींचा हिशोब सरळ होता. नोकरी हातात होती आणि प्रमाणपत्रानं वेतनवाढ वाचत होती. भरलेली फी थोड्याच महिन्यांत पगारातून परत येत होती. आज आपल्या टेबलासमोर जे लेकरू बसतं, त्याच्या हातात नोकरी नाही. ते आधी पैसे मोजतं, आणि बदल्यात काय मिळणार ते आपण सांगू त्यावर विश्वास ठेवतं. इथंच आपली जबाबदारी वाढते, आणि इथंच मी चुकलो.

२०२३ चा जून. तलाठी भरतीची जाहिरात आली, चार हजार सहाशेच्या वर जागा. आठ दिवसांत माझ्याकडे चाळीस प्रवेश झाले. त्यात अठरा किलोमीटरवरच्या गावातली एक मुलगी होती, बीए झालेली. सोबत आई. आईनं पदराची गाठ सोडली आणि पाचशेच्या नोटा एकेक करून टेबलावर मांडल्या. नोटा ओलसर होत्या. त्या दिवशी पाऊस नव्हता, घामच असणार. पाच हजार पुरे झाल्यावर ती म्हणाली, "सर, लागंल ना हिला नोकरी यानं?"

मी म्हणालो, "लागेल की. याच्याशिवाय फॉर्मच धरत नाहीत."

हे वाक्य मी तोवर किती जणांना म्हणालो असेन याची मोजदाद नाही. त्या दिवशीही सहज निघालं. रात्री दुसऱ्या एका मुलाचा अर्ज भरायचा होता म्हणून मी ती जाहिरात पहिल्यांदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की संगणक अर्हता नसेल तर नियुक्तीच्या दिनांकापासून दोन वर्षांच्या आत ती परीक्षा उत्तीर्ण होणं आवश्यक राहील. म्हणजे त्या भरतीपुरतं तरी आधी निवड, मग प्रमाणपत्र. घाईचं काही कारणच नव्हतं. शिवाय अर्जाची मुदत जुलैच्या मध्याला संपत होती आणि परीक्षा १७ ऑगस्टला सुरू होत होती. जूनअखेर सुरू केलेला आपला कोर्स त्याआधी पुरा होणारच नव्हता. त्या मुलीचे दोन महिने सामान्य ज्ञान आणि अंकगणितावर गेले असते तर तिचा फायदा होता.

मी दुसऱ्या दिवशी तिला हे सांगितलं का? नाही. फी भरून झाली होती, पावती फाडून झाली होती, आणि त्या महिन्यात भाडं थकलं होतं.

आता जाहिरातीतलं दुसरं वाक्य. ते आपण सगळे जाणतो आणि बोलत कुणीच नाही. ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा हवाला देऊन जाहिरातींत जी संगणक अर्हता छापतात, तिच्यात एमएस-सीआयटी एकटी नसते. आधी नाव असतं ते केंद्र सरकारच्या डीओईएसीसी सोसायटीच्या सीसीसी या संगणक परीक्षेचं किंवा ओ, ए, बी, सी स्तराचं, आणि मग 'अथवा' लिहून एमएस-सीआयटी. त्या सोसायटीलाच आता नाईलिट म्हणतात. सीसीसी हा ऐंशी तासांचा अभ्यासक्रम. परीक्षेत शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, वेळ नव्वद मिनिटं, पास व्हायला पन्नास टक्के. क्लास न लावता थेट परीक्षेचा अर्ज भरता येतो आणि त्याची फी जीएसटी धरून ५९० रुपये.

एकीकडे ५९०, दुसरीकडे ५,०००. सरकारच्या लेखी दोन्ही कागद सारखेच चालतात. हे सांगितलं तर आपल्याकडे कोण येईल, असं तुम्ही म्हणाल. मलाही तीच भीती होती. त्याचं उत्तर पुढे देतो, आधी पाच हजारांचा आकडाच किती अपुरा आहे ते बघा.

त्या मुलीनं पुढच्या वर्षी माझ्याच टेबलावर बसून मला हिशोब सांगितला. तिच्या मनात राग नव्हता. मीच विचारलं म्हणून तिनं बोटं मोजत सांगितलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालेलं होतं, म्हणून जायला पंधरा आणि यायला पंधरा. पन्नास दिवसांचे पंधराशे. वर्ग दोन तासांचा, पण गाडी सकाळी साडेनऊला आणि परतीची दुपारी दोनला. घरी पोचेपर्यंत दिवस मोडलेला. जुलै-ऑगस्ट म्हणजे खुरपणीचा हंगाम. तेव्हा बाईचा रोज अडीचशे होता. तीसेक रोज बुडाले, साडेसात हजार झाले. फी, तिकीट, बुडालेला रोज मिळून चौदा हजार. तलाठीचा अर्ज नऊशेचा, तो निराळाच.

आपल्या पावतीवर यातले फक्त पाच हजार दिसतात. बाकीचे नऊ हजार घरच्यांनी आपल्याला दिलेले नाहीत, म्हणून आपण ते मोजत नाही. पण त्यांच्या घरातून ते गेलेले असतात.

आणि समोर काय होतं? पद सोन्यासारखं, यात वाद नाही. तलाठ्याची वेतनश्रेणी २५,५०० पासून. पण त्या साडेचार हजारांवर जागांसाठी राज्यभरातून दहा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे दोनशेच्या वर उमेदवार. प्रमाणपत्र असलं तरी शर्यत तेवढीच लांब. प्रमाणपत्र हे मैदानात उतरायचं तिकीट आहे, आणि त्या भरतीत तर ते तिकीट शर्यत जिंकल्यावर काढलं तरी चालणार होतं.

तिची निवड झाली नाही. तरी तिचे पैसे पूर्ण वाया गेले असं ती म्हणत नाही, आणि तिचं हे म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०२४ च्या पावसाळ्यात गावातल्या सेवा केंद्रात पीक विम्याची गर्दी उसळली. एक रुपयात विमा होता, सगळं गाव रांगेत. केंद्रवाल्याला एका अर्जामागे विमा कंपनीकडून चाळीस रुपये मिळत होते. त्यानं हिला बसवलं, अर्जामागे दहा रुपये देतो म्हणाला. ही दिवसाला पस्तीस-चाळीस अर्ज उरकायची. खुरपणीच्या रोजापेक्षा जास्त, तेही सावलीत. त्या कामाला तिला काय लागलं, ते तिच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. मराठी भराभर टाइप करता येणं. सातबारा सरळ स्कॅन करून पीडीएफ करणं. फोटो ५० केबीच्या आत बसवणं. सर्व्हर लटकला तर भरलेली माहिती जाऊ नये म्हणून आधी कुठे सेव्ह करायचं ते कळणं. आणि रांगेतल्या म्हाताऱ्याचा आधारवरचा मोबाईल नंबर बंद पडलाय हे ओटीपी येत नाही तेव्हा ओळखणं.

यातलं आमच्या वर्गात काय झालं होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "फोटो बारीक करायचं तुम्ही एका दिवशी लाईट गेल्यावर मोबाईलवर दाखवलं होतं. बाकीचं तिथंच शिकले."

तिचं हे उत्तर मी विसरू शकत नाही. पन्नास दिवस ती माझ्याकडे आली, आणि तिच्या पोटापाण्याला कामी आलं ते मी लाईट नसताना सहज दाखवलेलं.

दुसरा एक मुलगा सांगतो. हा माझा नाही, एका दुसऱ्या केंद्रात शिकलेला, ते केंद्र कुठलं याला महत्त्व नाही. गुण चांगले, प्रमाणपत्र लॅमिनेशन करून आणलेलं. एका पतसंस्थेत तात्पुरता माणूस हवा होता, तिथल्या व्यवस्थापकांनी मला ओळखीनं बसायला बोलावलं होतं. त्यांनी त्याला एक्सेल उघडून दिलं, वीस खातेदारांच्या बाकीचे आकडे दिले आणि बेरीज करायला सांगितली. मुलानं आकडे नीट भरले. मग खिशातून मोबाईल काढला, कॅल्क्युलेटरवर वीस आकड्यांची बेरीज केली आणि आलेलं उत्तर खालच्या रकान्यात टाइप केलं. बेरीज बरोबर होती. त्याला घेतलं नाही. जिन्यात त्यानं मला विचारलं, "सर, चुकलं काय?" काय चुकलं ते मी त्याला तिथेच पायरीवर बसून कागदावर सूत्र लिहून दाखवलं. दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं त्याला त्याच्या केंद्रात तीन महिन्यांत मिळाली नव्हती.

का मिळाली नव्हती, ते आपण सगळे जाणतो. मुलाची संगणकावरची रोजची सेशन, म्हणजे पाठ, मागे पडली की आपणच त्याच्या जागी कुणाला तरी बसवून ती पुढे ढकलून देतो. प्रश्नसंच पाठ करून घेतो, कारण निकाल फ्लेक्सवर टाकायचा असतो. एका मशिनवर दोघं बसतात, एक करतो आणि एक बघतो, आणि बघणारी बहुतेक वेळा मुलगी असते. शिकवणाऱ्या पोराला आपण सहा-सात हजार देतो. तो स्वतःच भरतीचे फॉर्म भरत असतो. त्यानं जीव ओतून शिकवावं ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? प्रवेश आणून देणाऱ्याला मात्र आपण डोईमागे रोख मोजतो.

मला तुमच्या अडचणी ठाऊक नाहीत असं नाही. गाळ्याचं भाडं, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, दर चार-पाच वर्षांनी बदलायची मशिनं, आणि आपण घेतलेली सगळी फी आपल्या खिशात राहत नाही हेही खरं. जून-जुलैच्या बॅचवर वर्ष काढायचं असतं. ज्या महिन्यात पाच प्रवेश होतात त्या महिन्यात रात्री झोप येत नाही, हे मी भोगलंय. म्हणून धंदा बंद करा असं मी कुणाला म्हणत नाही. मी स्वतः केला नाही.

मी एवढंच केलं की फ्लेक्स उतरवून त्या जागी काळा फळा लावला आणि त्यावर खडूनं चार गोष्टी लिहिल्या. फी किती. रोज येण्या-जाण्यासह तुमचा एकूण खर्च किती होईल, बसा, मिळून हिशोब करू. कोणत्या भरतीला हे प्रमाणपत्र अर्ज करताना लागतं आणि कोणत्या भरतीला निवडीनंतर मुदत असते, जाहिरात घेऊन या, सोबत वाचू. आणि सीसीसी ५९० रुपयांत देता येते, ज्याला घरी संगणक आहे आणि स्वतः अभ्यास होतो त्यानं आधी तिचा विचार करावा.

शेवटची ओळ लिहिताना हात थांबला होता, हे खरं सांगतो. पहिल्या वर्षी प्रवेश घटले. बारा-तेरा जण सीसीसीचा अर्ज भरून घेऊन गेले, अर्ज भरायचे मी पन्नास रुपये घेतले. पण त्यातले काही परत आले. घरी संगणक नाही, एकट्यानं जमत नाही, आणि परीक्षा केंद्र तालुक्यात नसतं. त्यांना सरावाला मशिन आणि अडलं तर विचारायला माणूस हवा होता. मी तासावर मशिन द्यायला लागलो. आणि ज्यांनी सगळं ऐकून, समजून एमएस-सीआयटीच घेतली, ती मुलं वर्ग बुडवत नाहीत. पैसे कशाचे मोजले ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं, म्हणून ती हक्कानं अडून बसतात, "सर, हे परत दाखवा."

टायपिंगचंही असंच. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्द मिनिटाला, आणि राज्य परीक्षा परिषदेचं टायपिंगचं प्रमाणपत्र लागतंच. पण आता एमपीएससी त्या पदासाठी टंकलेखनाची कौशल्य चाचणी समोर बसवून घेते. कागद आहे आणि बोटं चालत नाहीत, असा उमेदवार तिथेच बाहेर पडतो. म्हणून माझ्याकडे जो लिपिकाची तयारी करतो त्याला मी सरळ सांगतो: तुझे पैसे आणि तुझे सहा महिने आधी टायपिंगवर घाल. त्याचा उपयोग नोकरी लागली नाही तरी आहे. कोर्टाबाहेर, तहसीलबाहेर, झेरॉक्सच्या दुकानात मराठी नीट टाइप करणारा माणूस रिकामा बसलेला मी पाहिला नाही.

एक गोष्ट पुण्या-संभाजीनगरला मुलं पाठवणाऱ्या पालकांसाठी. तेही शेवटी आपल्यालाच विचारायला येतात. नेटवर्किंग, क्लाउड, डेटा असल्या कोर्सला लाख-लाख रुपये मागतात. त्यांना एवढं तरी विचारायला शिकवा की क्लासची फी आणि कंपनीच्या परीक्षेची फी वेगळी आहे का. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेची फी तीनशे डॉलर आहे, आणि ते प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं, मग नूतनीकरण. क्लासनं दिलेला स्वतःचा कागद आणि हे प्रमाणपत्र एक नव्हे. नोकरीची हमी देणाऱ्याकडून ती हमी लेखी मागा, आणि मागच्या बॅचमधल्या दोन मुलांशी फोनवर बोलल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

आता मागणं. यंदाची जुलैची बॅच भरण्याआधी आपण तालुक्यातल्या सगळ्यांनी मिळून तो फळा लावावा. एकट्यानं लावला तर त्याची पोरं शेजारच्या केंद्रात जातात, हा अनुभव मी घेतलाय. सगळ्यांनी लावला तर कुणाचंच नुकसान नाही. 'नोकरीसाठी अनिवार्य' हे शब्द फ्लेक्सवरून काढावेत, त्या जागी 'काही भरतींसाठी आवश्यक, जाहिरात वाचून ठरवा' एवढं लिहावं. कमिशनवर प्रवेश आणणं थांबवावं आणि तो पैसा शिकवणाऱ्याच्या पगारात घालावा. आणि प्रत्येक बॅचला शेवटचे दहा दिवस पुस्तकाबाहेरचे ठेवावेत: मराठी टायपिंग, स्कॅन, फोटोचा आकार, ऑनलाइन अर्ज, एक्सेलमध्ये बेरीज आणि टक्केवारी, एका माणसाला एक मशिन.

त्या आईची धाकटी मुलगी यंदा बारावी झाली. मागच्या मंगळवारी दोघी आल्या होत्या. या वेळी मी आधी पाणी दिलं, मग फळ्यासमोर खुर्च्या ओढल्या आणि तिघांनी मिळून हिशोब केला. आईनं तो दोनदा ऐकला. म्हणाली, सध्या थांबते, सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीनंतर बघू. तोवर पोरगी रविवारी येऊन टायपिंगचा सराव करेल, तासाचे वीस रुपये. मी हो म्हणालो.

रविवारी दुपारी तीननंतर माझं केंद्र रिकामं असतं. या. फळ्यावरच्या मजकुराच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

तुमचाच,
एक केंद्रचालक